घर बघायला बाईला न्या

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यांनी केली ते सगळे स्वतःच्या घरात राहणारे असणार. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, ‘भाड्याचं घर पाहावं मावळात एक पावसाळा काढून!’

हे आठवायला कारण झालं आमच्या बचत गटाची गेल्या जुलैमधली बैठक. एक नवीन मुलगी आली होती. वय पंचविशीच्या आत, कडेवर एक लेकरू, दुसरं पदराला धरून. नवरा तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर. तो मार्चमध्ये एकटाच आला, मित्रांबरोबर राहिला, कंपनीच्या बसचा थांबा जवळ आहे म्हणून एक खोली ठरवली आणि डिपॉझिट देऊन टाकलं. शाळा सुरू व्हायच्या आधी बायकामुलांना मराठवाड्यातून घेऊन आला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडची भिंत पाझरायला लागली. गादीखाली ओल, डब्यातल्या पिठाला वास, धाकट्याला खोकला. पाणी एक दिवसाआड, तेही खालच्या नळावरून दोन जिने चढून आणायचं. ती हळूच म्हणाली, “काकू, घर कसं आहे ते मला कुणी विचारलंच नाही. ह्यांनी फोटो पाठवला होता. फोटोत भिंत कोरडी होती.”

बैठकीतल्या सगळ्या हसल्या. ती पण हसली. पण घरी येऊन कुकर लावताना मला ते वाक्य सोडेना. कारण माझंही असंच झालं होतं.

लग्नानंतर मी लोणावळ्यात आले तेव्हा घर आधीच ठरलेलं होतं. ‘स्टेशनपासून सात मिनिटं, भाडं परवडणारं, स्कूटर लावायला जागा’ एवढ्या तीन गोष्टी पाहून आमच्या ह्यांनी ते घेतलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं, मोरीचं तोंड तुंबतं, स्वयंपाकघराला खिडकी नाही आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला हातभर जागा नाही, हे मला एकेक करून कळत गेलं. ज्यांनी लोणावळ्याचा पाऊस पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुलीचा युनिफॉर्म मी इस्त्रीने वाळवायचे आणि विजेचं बिल पाहून बोलणी खायचे! त्या घरातून निघताना मालकांनी रंगाचे, दुरुस्तीचे म्हणून जवळजवळ सगळं डिपॉझिट कापून घेतलं. कागद काही नव्हताच. सगळा व्यवहार तोंडी, ‘घरच्यासारखे’ म्हणून. त्यानंतर आम्ही आणखी चार घरं बदलली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं म्हणतात, माझं बिऱ्हाड तर टेम्पोवरच होतं.

तेव्हा आज मला जरा स्पष्टच बोलायचं आहे. भाड्याचं घर निवडताना आपल्या घरांमध्ये जो विचार होतो, तो फार थोड्या गोष्टींचा होतो. आणि जी त्या घरात सर्वात जास्त वेळ घालवणार असते, तिलाच शेवटी विचारलं जातं, किंवा विचारलंच जात नाही.

आमच्या मावळात भाड्याच्या घरांची गरज किती आहे ते पाहा. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या साधारण ५७ हजार आणि तळेगाव दाभाड्याची ५६ हजार होती. त्यानंतर किती वस्ती वाढली हे इथे राहणाऱ्या कुणालाही डोळ्यांनी दिसतं. त्याच जनगणनेनुसार देशातल्या शहरी भागातली सुमारे २७ टक्के कुटुंबं, म्हणजे चारातलं एक घर, भाड्याने राहत होती. एमआयडीसी आली, २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला, कारखान्यांमागून माणसं आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कित्येकांनी आलेल्या पैशांतून खोल्या बांधल्या. कालपर्यंत जिथे इंद्रायणी तांदळाची खाचरं होती तिथे आज दहा-दहा खोल्यांच्या चाळी आणि वन आरके आहेत. मालक शेतकरी, भाडेकरू कामगार, आणि दोघंही या व्यवहारात नवखे.

लोणावळ्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे घरं आहेत, बंगले तर डोळे दिपवणारे आहेत, पण ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी. मालकाचा हिशेब साधा असतो. दोन दिवसांच्या पाहुण्यांकडून जे मिळतं त्याला महिनाभराच्या भाडेकरूची सर येत नाही. मग त्याच बंगल्यात झाडलोट करणारी मावशी, हॉटेलात वाढणारा पोरगा, चिक्कीच्या दुकानातली मुलगी यांनी राहायचं कुठे? ती माणसं मळवली, कामशेतकडे सरकतात आणि रोज लोकलने परत कामाला येतात.

या लोकलवरून आपल्या घरांत भाड्याचं गणित मांडलं जातं. चिंचवडपेक्षा तळेगाव स्वस्त, तळेगावपेक्षा वडगाव, कान्हे स्वस्त. पुण्यापासून जितके लांब तितकं भाडं कमी. पण ‘दोन हजार वाचले’ म्हणताना त्यातून काय काय वजा करायचं हे कुणी लिहीत नाही. लोकलचा पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, मुलाच्या शाळेची व्हॅन, रात्री लोकल चुकली तर होणारी धावाधाव. आणि बाईचा वेळ? तो तर कुठल्याच वहीत नसतो. पाणी भरायला रोजचा पाऊण तास गेला तर महिन्याचे बावीस तास होतात. तेवढ्या वेळात तिने शिवणकाम केलं असतं, डबे दिले असते, निदान पाठ टेकली असती.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला. तो विकत घेण्याचा करार २०२३ मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीने केला. तेव्हापासून आमच्याकडे कोरियाचं नाव वरचेवर निघतं. म्हणून मी तिथल्या संसारांविषयी थोडं वाचलं. तिथे भाड्याची एक पद्धत आहे, तिला ‘चॉन्से’ म्हणतात. भाडेकरूने घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही जास्त रक्कम मालकाकडे एकदम ठेवायची, बहुधा दोन वर्षांसाठी. दर महिन्याचं भाडं शून्य. मुदत संपली की सगळी रक्कम परत. पटकन चमकून म्हणाल, ‘अगबाई, हे तर आपलं हेवी डिपॉझिट!’ अगदी बरोबर. मुंबई-पुण्याकडे हेवी डिपॉझिटवर घरं देतात तो याच कुळातला प्रकार.

यात सोय आहे हे खरं. दर महिन्याला भाड्याची चिंता नाही, साठवलेले पैसे मोडत नाहीत. कोरियातल्या किती तरी मध्यमवर्गी कुटुंबांनी याच वाटेने पुढे स्वतःचं घर केलं. पण २०२२ नंतर तिथे घरांच्या किमती उतरल्या आणि अनेक मालकांना डिपॉझिट परत करता येईना. काही जणांनी तर थोड्याशा भांडवलावर शेकडो घरं घेऊन ठेवली होती, नव्या भाडेकरूच्या पैशांतून जुन्याचे पैसे फेडत होती. ती साखळी तुटली. फसलेल्यांमध्ये नुकतेच नोकरीला लागलेले, नुकतंच लग्न झालेले तरुण-तरुणी फार होते. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या सरकारला या फसलेल्या भाडेकरूंसाठी खास कायदा करावा लागला. जो देश आपल्याला मोटारी विकतो, तिथेही सुशिक्षित माणसं डिपॉझिटपायी अशी अडकतात. मग आपण ‘घरच्यासारखे’ म्हणत कागदाशिवाय पैसे देतो, ते कोणाच्या भरवशावर?

तिथली एक गोष्ट मात्र मला घ्यावीशी वाटली. नवीन घरात गेल्यावर तिथला भाडेकरू लगेच सरकारदरबारी आपला पत्ता नोंदवतो आणि करारावर तारखेचा शिक्का घेतो. त्या शिक्क्याच्या आधारावर, घर पुढे लिलावात निघालं तरी, त्या तारखेनंतरच्या देणेकऱ्यांच्या आधी त्याच्या डिपॉझिटचा हक्क लागतो. म्हणून हुशार भाडेकरू घरात पाऊल ठेवायच्या आधी त्यावर किती कर्ज आहे तेही पाहतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं ५५ वं कलम सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते महाराष्ट्रात खरं नाही. आणि करार नोंदवलेला नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरावं, मालकाला ते खोडून काढावं लागेल, असंही त्याच कलमात आहे. म्हणजे नोंदणीत मालकाचाही फायदाच आहे.

खर्चाचा बाऊ करू नका. समजा आठ हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट आहे. अकरा महिन्यांचं भाडं झालं ८८ हजार. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. हिशेब अडीचशेच्या घरात जातो. वर नोंदणी फी आणि करून देणाऱ्याची मजुरी. हे काम आता आधार कार्ड आणि अंगठा देऊन ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी तीस हजार उघड्यावर ठेवायचे?

या कागदाचा आणखी एक उपयोग आयांनी लक्षात ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत ज्या २५ टक्के जागा असतात, त्यात घर ते शाळा हे अंतर मोजलं जातं. आणि भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला करार लागतो. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो. चीनमधल्या एका थोर विचारवंताच्या, मेन्सियसच्या, आईची गोष्ट सांगतात. स्मशानाजवळ घर होतं तेव्हा पोरगा प्रेतयात्रेचा खेळ खेळायचा. बाजाराजवळ गेली तर दुकानदारासारखा घासाघीस करायला लागला. तिसऱ्यांदा तिने शाळेजवळ घर घेतलं आणि पोराने पाटी धरली. कोरियातही ही गोष्ट घरोघर माहीत आहे. आजही तिथल्या आया चांगल्या शिकवण्यांच्या भागात भाड्याने राहायला जातात. त्या गोष्टीत घर आईने निवडलं, हे मला फार आवडतं.

आता एका कडू विषयाकडे येते. घर आपण निवडतो हे अर्धंच खरं. मालकही आपल्याला निवडत असतो. भाड्याआधी प्रश्न येतो, “आडनाव काय?” मग “नॉनव्हेज खाता का?” मग “घरात पुरुष कोण?” मी संस्थेच्या कामानिमित्त एका नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईसाठी घर शोधत होते. चांगली नोकरी, सातवीतला मुलगा. सहा ठिकाणी नकार मिळाला. एकीने तर सांगितलं, “ताई, तुम्ही स्वतः राहणार असाल तर देते.” नकार देणाऱ्या सहांपैकी चार घरमालकिणी होत्या, हे लिहिताना मला वाईट वाटतं. एकट्या बाईकडे कोण येईल-जाईल, याची काळजी आपण बायकाच जास्त करतो. जी भाडं वेळेवर देते, घर झाडूनपुसून ठेवते, ती भाडेकरू म्हणून वाईट कशी?

घरमालकिणींची बाजूही मला माहीत आहे. नवरा गेल्यावर वरच्या मजल्याच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या कित्येक जणी माझ्या ओळखीच्या आहेत. ‘भाडेकरू उठलाच नाही तर?’ या भीतीने त्यांची झोप उडते. त्यांनाही माझं सांगणं तेच, करार नोंदवा. मुदत संपूनही लायसन्सवरचा माणूस जागा सोडत नसेल, तर ती परत मिळवायची आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भरपाई मागायची तरतूद याच कायद्यात आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. तळेगाव २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. पण या गोष्टी करा आणि मग निर्धास्त व्हा. आडनाव विचारून कोणी सुरक्षित झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. भाडेकरारावर बायकोचं नाव का नसतं? घर विकत घेताना १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्यामुळे पुष्कळ नवरे आनंदाने ‘तुझ्या नावावर करू’ म्हणतात. भाड्याच्या घरात सवलत नाही, म्हणून नावही नाही! कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा म्हणतो की बाई ज्या घरात संसार करते ते घर भाड्याचं असलं, करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असला, तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. तिला बाहेर काढलं तर न्यायालय तिच्यासाठी तशाच दुसऱ्या घराची सोय करायला किंवा त्याचं भाडं द्यायला नवऱ्याला सांगू शकतं. हे फार मोठं संरक्षण आहे. पण ते नवऱ्याविरुद्ध आणि सासरच्यांविरुद्ध. करार संपला, नवरा निघून गेला आणि मालक दारात उभा राहिला, तर ‘तुमचं नाव कुठे आहे?’ हाच प्रश्न येतो. डिपॉझिट परत करतानाही मालक ज्याची सही त्याच्याच हातात देतो. ते डिपॉझिट कित्येकदा तिच्या मंगळसूत्रावर कर्ज काढून भरलेलं असतं. मग करारावर दोघांची नावं घातली तर काय बिघडतं? जास्तीचा एक अंगठा, एवढंच ना!

कुणी म्हणेल, गरिबाला निवड कुठली? मिळेल ते घर घ्यावं लागतं. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्याच भाड्यात, त्याच गल्लीत, दोन घरांत फरक असतो, आणि तो फरक बाईच्या नजरेला दिसतो. म्हणून म्हणते, घर बघायला तिला न्या. ती नळ सोडून पाहील. पाणी कधी येतं हे एजंटला न विचारता शेजारणीला विचारेल. भिंतीच्या खालच्या बाजूला हात लावून, पोपडे पाहून ओल ओळखेल. संडास घरात आहे की सामायिक, रात्री तिकडे दिवा असतो का, पाहील. विजेला वेगळं मीटर आहे का, की मालक युनिटमागे आपला दर लावतो, हे विचारेल. नदीकाठी घर असेल तर इंद्रायणीचं पाणी मागच्या पावसाळ्यात कुठवर आलं होतं, ते समोरच्या आजी तिला बोटाने दाखवतील. जमलं तर घर एकदा पावसात आणि एकदा अंधार पडल्यावर पाहावं. आणि सामान लावायच्या आधी भिंतींचे, नळांचे मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत, म्हणजे सोडताना रंगावरून वाद नको. माझे पैसे याच गोष्टीअभावी गेले.

केंद्राने २०२१ मध्ये भाड्याच्या घरांसाठी एक नमुना कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं म्हटलं आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना आपण रस्ते, पाणी विचारतो. या विषयावर मात्र मी अजून कुणाला प्रश्न विचारताना ऐकलं नाही. पुढच्या वेळी आपण विचारू या.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. दिवाळीनंतर तिने घर बदललं. या वेळी ती स्वतः आमच्या गटातल्या दोघींना घेऊन चार घरं पाहून आली. भाडं पाचशे रुपयांनी जास्त आहे, नवरा थोडा कुरकुरला. पण पाणी घरात येतं आणि अंगणवाडी समोरच आहे. करार नोंदवताना तिने आपलंही आधार कार्ड पुढे केलं. परवा भेटली तेव्हा म्हणत होती, “काकू, हे म्हणतात, पाचशे रुपयांचा हिशेब दे.” मी विचारलं, “मग तू काय म्हणालीस?” ती म्हणाली, “म्हटलं, जुन्या घरात असताना पोराच्या खोकल्यावर डॉक्टरला किती दिले, ते आधी तुम्ही सांगा.”